वाकडा समुद्र

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही थाप मारलेली नाही, त्याने आपली पहिली थाप निवृत्तीनंतर, आणि तीही भूमापन शिकलेल्या मित्रांसमोर, मारू नये. हात बसलेला नसतो, सराव नसतो, आणि ऐकणारे मनातल्या मनात मोजपट्टी उघडून बसलेले असतात. हे ओळंब्याला कुणी वेळीच सांगितलं असतं तर पुढचा घोळ टळला असता.

ओळंबा हे अर्थातच टोपणनाव. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत पहिल्याच वर्षी चौघा मित्रांनी एकमेकांना अवजारांची नावं देऊन टाकली होती, आणि पुढे पदव्या, हुद्दे, जावई, सुना असं बरंच काही येऊनही ती नावं पुसली गेली नाहीत. दोरीला टांगलेल्या ज्या वजनावरून गवंडी भिंतीचा सरळपणा पाहतो, तो ओळंबा. हा गृहस्थ उभा राहिला की सरळ आणि बोलला की त्याहून सरळ. पाणसळीने पातळी तपासतात. त्या नावाचा मित्र चहाचा कप ठेवण्याआधी टेबल डुगडुगतंय का ते पाहायचा. गुण्या हे काटकोनाचं अवजार, आणि आमचा गुण्या भांडला तरी काटकोनात भांडायचा, म्हणजे एकदम वळून चालू लागायचा. रंधा मात्र बोलायला लागला की समोरच्याचा भुसा पाडूनच थांबायचा.

आता ही चार अवजारं चार गावांत राहत होती आणि फोनवरच्या 'ड्रॉइंग हॉल' नावाच्या गटात रोज भेटत होती. वर्षअखेरीच्या सुट्ट्या जवळ आल्या की या हॉलला विशेष ऊत येई. यंदाही सुरुवात रंध्यानेच केली.

"कोण कुठे चाललंय? मी मुलीकडे. नातवंडांनी मला घोडा म्हणून आगाऊ राखून ठेवलंय."

"मी तळ्याकाठी," गुण्याने कळवलं. "मासे पकडणार."

"पकडणार म्हणजे बाजारातून ना?"

"आम्ही समुद्रावर," पाणसळीने लिहिलं. "खोलीतून लाटा दिसतात म्हणे. लाटांना पातळी नसते, त्यामुळे मला त्रास होणार हे उघड आहे. ओळंब्या, तू?"

"त्याला कशाला विचारतोस?" रंधा मध्ये पडला. "ओळंबा खिळ्याला टांगलेलाच बरा. त्याने जागा सोडली तर भिंती पडायच्या!"

हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. ओळंब्याने चष्मा पुसला आणि प्रत्येक अक्षर तपासून लिहिलं, "आम्ही उभयता उत्तरेकडच्या डोंगरावर जात आहोत. आठवडाभर."

हे विधान त्या क्षणी शंभर टक्के सत्य होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. त्याच्या जुन्या खात्याचं त्या डोंगरावर विश्रामगृह होतं, आणि तिथल्या खोलीसाठी त्याचा अर्ज गेलेला होता. पत्नीने स्वेटर उन्हात टाकले होते. तिने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. नुसत्या आवाजावरून माणूस कुठे अडखळतोय हे तिला कळे. 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य तिने नवऱ्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की या वेळी त्याने 'यंदा' म्हटल्याबरोबर तिने बॅग भरायला घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या कार्यालयातून फोन आला.

"अर्जात प्रयोजनाच्या रकान्यात तुम्ही 'विश्रांती' असं लिहिलंय," कारकून म्हणाला.

"बरोबर."

"विश्रामगृह विश्रांतीसाठी देता येत नाही."

ओळंब्याने हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. कारकुनाने ते तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटलं. विश्रामगृह दौऱ्यासाठी किंवा पाहणीसाठी मिळतं; नुसतं आराम करायला मिळत नाही. साहेबांनी 'पाहणी' असं लिहून दिलं तर आत्ता शिक्का मारतो.

"पण मी काहीच पाहणी करणार नाही."

"डोंगर पाहणार नाही का?"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशिअर नेमके साखर मागायला आले होते. त्यांनीही खुणा करून करून सांगितलं, लिहा पाहणी, लिहा! पण ओळंबा ताठ उभा राहिला. "सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार नाही," त्याने सांगितलं आणि फोन ठेवला. इतर सगळी हॉटेलं केव्हाच भरलेली होती. पत्नी बॅगेवर बसून बॅगेची चेन लावत होती. तिने ती लावून पूर्ण केली, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी नेहमीपेक्षा थोडी जोरात ठेवली गेली, एवढंच.

आता सरळ मार्ग म्हणजे गटावर 'जाणे रहित' असं कळवणं. ओळंब्याने तेवढ्यासाठीच फोन उघडला. पण ड्रॉइंग हॉलमध्ये निरोप समारंभ ऐन रंगात आला होता. गुण्याने लोकरीच्या टोपीचं चित्र पाठवलं होतं. रंध्याने बजावलं होतं, "वहिनींना खिडकीची जागा दे. तू दारात सरळ उभा राहा, तोल जाणार नाही." आणि शेवटी पाणसळीने लिहिलं होतं, "मी पैज लावली होती की हा ऐन वेळी खिळ्यावर परत जाणार. हरलो, आणि हरल्याचा आनंद झाला. गाडी हलली का रे?"

एवढ्या आनंदावर पाणी कसं ओतणार? ज्या बोटाने सरकारी कागदावर एक शब्द लिहायला नकार दिला होता, त्याच बोटाने ओळंब्याने टाइप केलं, "हलली."

"हे काय केलंत तुम्ही!" कॅशिअर कौतुकाने म्हणाले. थाप या विषयात त्यांना गती होती आणि शिष्य मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. "आता आठवडाभर तुम्ही गावात नाही. खालच्या डॉक्टरीणबाईंचा दीर तुमच्या त्या रंध्याचा दोस्त आहे, विसरू नका. गॅलरीत उभं राहायचं नाही. पेपर बंद. वॉचमनला सांगा, साहेब बाहेरगावी गेलेत."

वॉचमन हा कर्तव्यदक्ष माणूस होता, आणि तिथेच चुकलं. त्याने पार्सलवाला परत पाठवला, इस्त्रीवाला परत पाठवला, पत्नीच्या बहिणीलासुद्धा फाटकातून परत पाठवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ओळंबा टोपी कपाळावर ओढून औषध आणायला गेला आणि परत येताना फाटकात अडला.

"साहेब बाहेरगावी गेलेत," वॉचमन म्हणाला.

"अरे, मीच साहेब."

"हो साहेब, ओळखलं. पण तुम्ही नाही आहात ना?"

 शेवटी 'साहेबांचे पाहुणे' म्हणून स्वतःची नोंद करून ओळंबा स्वतःच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा. कॅशिअर बातमी घेऊन आले. सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळंब्याच्या बाजूची पाण्याची लाइन वर्षभर बदलायची होती, पण ओळंबा दर वेळी उताराचा हिशेब विचारत असल्यामुळे काम अडलं होतं. साहेब आठवडाभर नाहीत हे कळताच सेक्रेटरीने तासाभरात प्लंबर बोलावला होता.

"उतार किती देतायत?" ओळंब्याने दाराआडून कुजबुजत विचारलं.

"उलटा देतायत असं वाटतंय."

भिंतीपलीकडे पाइप चुकीच्या उताराने बसतोय आणि आपण हजर नाही म्हणून गप्प बसायचं! ज्यांनी ही यातना भोगलेली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. ओळंबा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसून राहिला. कॅशिअरनी वरून बादल्या पुरवल्या आणि प्रत्येक बादलीबरोबर एक सल्ला.

त्यातलाच एक सल्ला फोटोचा. गटावर इतरांचे फोटो येऊ लागले होते. रंधा चारी पायांवर आणि पाठीवर दोन नातवंडं. गुण्या तळ्याकाठी, हातात बोटभर मासा. पाणसळीचा फोटो सर्वांत झोकदार: समोर टेबलावर पाण्याचा ग्लास, मागे निळाशार समुद्र आणि खाली ओळ, 'इथे काहीही करायचं नाही, असा डॉक्टरांचा नव्हे, माझा स्वतःचा हुकूम आहे.' सगळे ओळंब्याच्या मागे लागले. डोंगर दाखव, डोंगर दाखव!

"आभाळ दाखवा," कॅशिअर म्हणाले. "आभाळ सगळीकडे सारखंच असतं. आमच्या गच्चीवर चला."

ओळंब्याने कामाला हात घातला तो पद्धतशीर. टाकीची सावली फोटोत यायला नको म्हणून सावल्या सर्वांत आखूड असतात ती वेळ, म्हणजे ठीक मध्यान्ह, निवडली. अंगात स्वेटर चढवला. डोंगरावर गेलेला माणूस वाटावा म्हणून कोपऱ्यातली सागवानी काठी घेतली. उन्हाने घामाच्या धारा लागल्या तेव्हा पत्नीने त्या पदराने टिपल्या, म्हणजे फोटोपुरत्या.

"काठी जरा तिरकी धरा हो," ती म्हणाली. "डोंगर चढून आलेला माणूस दिव्याच्या खांबासारखा उभा राहतो का?"

"तिरकी धरली की बूड सरकतं," ओळंबा म्हणाला, आणि त्याने ती जमिनीशी अचूक काटकोनात उभी केली. नजरेने खात्री केली. मग हसला.

फोटो गेला. खाली मजकूर: 'डोंगरमाथा. ठीक मध्यान्ह. हवा अत्यंत शुद्ध.'

वाहवा झाली. मग पाणसळीने सहज विचारावं तसं विचारलं, "काठी झकास आहे. किती लांब रे?"

प्रश्न मोजमापाचा आला की ओळंब्याच्या डोक्यातले बाकीचे सगळे दिवे मालवत. "तीन फूट," त्याने ताबडतोब लिहिलं. "लोखंडी टोपणासकट."

"आणि पायाखालची फरशी?"

"एक फुटी. जमीन उत्तम सपाट आहे."

 चहाच्या वेळेला पाणसळीचं चित्र आलं. हाताने काढलेलं, पण चारी बाजूंनी समास सोडलेलं आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं. काठी अ-ब. सावली ब-क. मध्यान्हीच्या सूर्याचा कोन. आणि खाली निष्कर्ष, ठळक अक्षरांत:

'उत्तरेच्या डोंगरावर या दिवसांत मध्यान्ही काठीची सावली काठीपेक्षा वीतभर लांब पडली पाहिजे. फोटोत फरशा मोजल्या असता सावली काठीएवढीच भरते. तेवढी सावली ओळंब्याच्या स्वतःच्या गावी पडते. सबब, ओळंबा घरी आहे.'

"आईशप्पथ!" रंधा किंचाळला, लिहूनसुद्धा त्याला किंचाळता येई. "ओळंबा थापा मारतो? मग भिंती कशावरून उभ्या आहेत?"

"काठी धरून खरं सांग," गुण्याने लिहिलं. "नाहीतर नाव बदलतो. आजपासून तू फणी. कशातही अडकतोस."

ओळंबा खुर्चीत खचला. निवृत्तीच्या वेळी त्याला घड्याळ मिळालं होतं, शाल मिळाली होती. ती दोन्ही हरवली असती तरी चाललं असतं. पण ते नाव! त्याने कागद घेतला आणि पाणसळीच्या गणितात चूक सापडते का ते तपासलं. चूक नव्हती. उलट मांडणी इतकी सुबक होती की त्याला नकळत अभिमान वाटला. सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की काठी थोडी जरी वाकडी धरली असती तर कुणाला काही मोजताच आलं नसतं. तो पकडला गेला होता तो त्याच्या सरळपणामुळे.

"बघू तरी याचं स्वतःचं काय चाललंय!" तो करवादला आणि त्याने पाणसळीचा समुद्राचा फोटो मोठा करून उघडला. पट्टी लावली. पुन्हा लावली. मग त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की पत्नी हातातलं काम टाकून आली.

"काय झालं?"

"समुद्र वाकडा आहे!"

"काय?"

"हे बघ. ग्लासातलं पाणी अगदी पातळीत आहे. आणि मागचं क्षितिज डावीकडे उतरलंय. अगं, पाणी म्हटलं की ग्लासातलं काय आणि समुद्रातलं काय, पातळी एकच. त्यांच्यात मतभेद होत नसतात! हा समुद्र नाही. हे भिंतीवर वाकडं टांगलेलं चित्र आहे. लबाड! स्वतः घरात बसून मला उघडं पाडतोय!"

 'प्रति, श्री. पाणसळ' अशी सुरुवात करून त्याने अर्धा मजकूर टाइपही केला. इतक्यात पत्नीने चष्मा लावून फोन हातात घेतला.

"हे घर नाही त्यांचं," ती म्हणाली. "या टेबलाला चाकं आहेत."

"मग?"

"पलंगावर सरकवायचं टेबल आहे हे. ग्लासवर झाकण बघा. आणि पोह्याच्या चमच्याएवढ्या त्या कपात गोळ्या आहेत. अहो, हा दवाखाना आहे."

ओळंब्याने पट्टी खाली ठेवली.

तिने तोवर फोन लावलाही होता. पलीकडून पाणसळीच्या बायकोने "आम्ही मजेत, लाटांचा आवाज येतोय ना?" असं म्हणून पाहिलं, पण तो आवाज पंख्याचा आहे हे एक्स्चेंजवाल्या कानांना कळायला कितीसा वेळ लागणार? मग सगळं बाहेर आलं. समुद्राला निघायचं म्हणून माळ्यावरची बॅग काढायला पाणसळ स्टुलावर चढला. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मांडीचं हाड मोडलं, सळई घातली, आता धोका नाही, पण हलायचं नाही. "गटावर सांगू नका हो," ती म्हणत होती. "यांनी शपथ घातलीय. पाणसळ डुगडुगत्या स्टुलावरून पडला म्हटल्यावर जन्मभर सोडणार नाहीत. दिवसभर छताकडे बघत असतात. आज त्या काठीच्या गणितापायी पहिल्यांदा उठून बसले, जेवलेसुद्धा."

तिने फोन ठेवला. भिंतीपलीकडे प्लंबर काहीतरी ठोकत होता.

तेवढ्यात ड्रॉइंग हॉलमध्ये गुण्याची सूचना आली, "आता प्रत्येकाचा फोटो तपासायचा. आधी त्या पाणसळीचा समुद्र काढा बाहेर. पट्टी घ्या रे."

"घेतली," रंध्याने कळवलं.

ओळंब्याने अर्धा टाइप केलेला मजकूर पुसला. मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कच्चा आराखडा न करता, लिहीत सुटला.

"थांबा. पाणसळीचं गणित अचूक आहे. मी घरी आहे. पहिल्या दिवसापासून आहे. विश्रामगृह विश्रांतीसाठी मिळत नाही म्हणून गेलो नाही, आणि तुम्हाला सांगायची लाज वाटली. वॉचमन मला माझ्या घरात सोडत नाही. मी माझाच पाहुणा म्हणून सही करून आत आलो."

पट्ट्या तिथल्या तिथे गळून पडल्या. "सही कुठल्या नावाने केलीस?" रंध्याने विचारलं. ओळंब्याने तेही सांगितलं. मग बादल्यांची हकिगत सांगितली. उलट्या उताराच्या पाइपाची सांगितली. भर उन्हात स्वेटर घालून उभं राहिल्याची सांगितली आणि पदराने घाम टिपल्याचीही. जे जे झाकायचं होतं ते ते सगळं त्याने स्वतःच्या हाताने ड्रॉइंग हॉलच्या मधोमध आणून ठेवलं. मंडळी तुटून पडली. कुणाला समुद्राची आठवणही राहिली नाही. 

"फणी हे नाव मंजूर?" गुण्याने शेवटी विचारलं.

"मंजूर," ओळंब्याने लिहिलं आणि फोन बंद केला. वळून पाहतो तर पत्नी चपला घालून दारात उभी, शेजारी ती बॅग.

"भरलेलीच आहे," ती म्हणाली. "पाच तासांचा तर रस्ता. चला. यंदा म्हणालात ना?"

फाटकावर वॉचमन गोंधळला. "साहेब, परत कधी आलात?"

"आलो नाही. चाललोय."

"पण तुम्ही तर गेलेले आहात!"

"तेव्हाचं जाणं चुकीच्या उताराने होतं," ओळंबा म्हणाला. "हे बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पाणसळ उशीला टेकून बसला होता, आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर तो समुद्र, डावीकडे उतरलेला. दारात ओळंबा दिसताच पाणसळीने आधी चादर पायावर ओढली, मग ओळंब्याच्या हातातली काठी पाहिली आणि मग ओशाळून हसला.

"कशावरून ओळखलंस?"

"क्षितिजावरून."

"मला वाटलंच होतं. सारखं खुपत होतं रे ते. पण हात पोचत नव्हता." त्याने मान खाली घातली. "काल तू गटावर स्वतःची एवढी शोभा का करून घेतलीस, तेही ओळखलं मी. त्यांनी पट्ट्या घेतल्या होत्या ना?"

"स्टुलाचा पाय किती आखूड होता?" ओळंब्याने विचारलं.

"अर्धा इंच. उठल्यावर आधी तोच कापणार आहे."

"भाऊजी, उठल्यावर आधी समुद्रावर जायचं," ओळंब्याची पत्नी म्हणाली. "आपण चौघांनी. माळ्यावरच्या बॅगा आम्ही काढू."

ओळंबा उठला आणि सवयीने भिंतीकडे गेला. चित्राच्या चौकटीला हात लावणार एवढ्यात पाणसळ म्हणाला, "राहू दे. त्या वाकड्या समुद्रामुळे तर आलास."

ओळंब्याचा हात हवेत थबकला. ते क्षितिज तसंच ठेवणं त्याच्या जिवावर आलं होतं, हे त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवरूनसुद्धा कळत होतं. पण त्याने हात मागे घेतला. मग पाणसळीने स्वतःच फोन मागितला. "एक फोटो काढा वहिनी. स्टूल, सळई, सगळं आता मीच सांगून टाकतो. एकट्या फणीला किती दिवस सोसायला लावणार?"

वहिनींनी फोटो काढला. पलंगावर पाणसळ, शेजारी ओळंबा, मागे उतरता समुद्र. पाणसळीची कबुली आणि तो फोटो एकदमच गटावर गेले. पहिल्यांदा काळजीचे चार शब्द आले, मग डुगडुगत्या स्टुलावरचे चाळीस. आणि शेवटी, पट्टी पुरती खाली न ठेवलेल्या गुण्याची तक्रार आली.

"या फोटोत काहीच मोजता येत नाही. समुद्र तर वाकडा आहेच, पण ओळंब्याच्या हातातली काठीसुद्धा तिरकी आहे. हे काय?"

पाणसळ फोन ओळंब्याकडे देऊ लागला, पण ओळंबा दोन्ही हात डोक्यामागे घेऊन, पाय लांब पसरून खुर्चीत रेलला होता. तेव्हा उत्तर पाणसळीनेच लिहिलं.

"त्याला त्रास देऊ नका. ओळंबा सुट्टीवर आहे."